काठीला टेकलेली माणसं

श्रोतेहो, स्टुडिओत बोलायला बसलं की समोर एक लाल दिवा असतो. तो लागला की माईक जिवंत झाला असं समजायचं. मी पहिल्यांदा इथं कविता वाचायला आलो, तेव्हा एका जुन्या निवेदकांनी मला बजावलं होतं, "दिवा विझलेला दिसला तरी कुणाबद्दल काही बोलू नका. माईक केव्हा चालू असतो ते देवालाच ठाऊक."

हा सल्ला ३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगमध्ये कुणी दिलेला दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाला ऐंशी वर्षं झाली म्हणून तिथं मोठं संचलन होतं. चीनचे शी जिनपिंग आणि रशियाचे व्लादिमीर पुतिन तिआनआनमेन चौकातल्या सज्जाकडे चालत निघाले होते. बरोबर उत्तर कोरियाचे किम जोंग उन होते. कुठला तरी माईक चालू राहिला आणि त्यांच्या गप्पा जगानं ऐकल्या. विषय काय, तर म्हातारपण! आता माणसाचे अवयव पुन्हा पुन्हा बदलता येतील, माणूस उलट तरुण होत जाईल, कदाचित अमरही होईल, असं पुतिन यांचा दुभाषा सांगत होता. शी म्हणाले, या शतकात माणूस दीडशे वर्षं जगेल असा काहींचा अंदाज आहे. त्या दिवशी दोघंही ७२ वर्षांचे होते.

बहात्तर हा आकडा ऐकून मला आणखी एक गृहस्थ आठवले. १६ जुलै १९६६ रोजी माओ झेडाँग यांनी वुहानजवळ यांगत्से नदीत उडी घेतली. पासष्ट मिनिटांत ते सुमारे पंधरा किलोमीटर पोहले, असं चिनी वृत्तसंस्थेनं जगाला सांगितलं. तेव्हा त्यांचंही वय ७२ होतं. नदीच्या ओढीनं किती अंतर नेलं आणि हातापायांनी किती, हा हिशेब विचारायची कुणाची छाती नव्हती. सांगायचं एवढंच होतं, की मी अजून थकलेलो नाही. पुढच्याच महिन्यात रेड गार्ड रस्त्यावर आले आणि सांस्कृतिक क्रांतीनं दहा वर्षं देश ढवळून काढला. माओ गेले १९७६ साली, ८२ व्या वर्षी. त्यांच्यासाठी जो जयघोष व्हायचा, त्याचा शब्दशः अर्थ 'दहा हजार वर्षं' असा होता.

ही माणसं इतकी जगतात तरी कशी? हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलेला आहे.

माझे अब्बा सोलापुरात शिंपीकाम करायचे. दुकान एवढंसं. दोन मशिनी, एक कपडे कापायचं टेबल, आणि फळीवर रेडिओ. गिऱ्हाइकांत गिरणीतले लाल बावटेवाले बरेच. त्यांच्यापैकी कुणीतरी रशियाहून छापून येणारी मासिकं आणून द्यायचं. त्यांचा कागद गुळगुळीत. आम्हा भावंडांना ती वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला हवी असायची. अब्बा मात्र आधी चित्रं बघायचे. राजकारणासाठी नव्हे, कोटांसाठी. खांदा कसा बसवलाय, कॉलर कशी पडलीय, हे त्यांच्या नजरेत भरायचं. ब्रेझनेव यांच्या छातीवरची पदकं बघून ते म्हणायचे, "ह्या माणसाचा कोट शिवायचा तर छातीला जादा कापड घ्यावं लागेल." पुढं वाचनात आलं, की अगदी याच अर्थाचा विनोद खुद्द मॉस्कोतही चालायचा.

मग एक दिवस एका फोटोकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "कोट तसाच आहे, पण आतला माणूस कमी झालाय." शिंप्याला ते आधी कळतं. खांदे पडतात, बाही मनगटाखाली उतरते, कॉलर आणि मान यांच्यात बोट जाईल एवढी फट पडते.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी मॉस्कोच्या लाल चौकातलं संचलन ब्रेझनेव यांनी कडाक्याच्या थंडीत उभं राहून पाहिलं. १० तारखेला ते गेले. वय ७५. मी तेव्हा सातवीत होतो. त्यांच्या जागी आंद्रोपोव आले. काही महिन्यांतच त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत ते कारभार बघू लागले. पुढच्या नोव्हेंबरच्या संचलनाला ते दिसलेच नाहीत, तेव्हा सर्दी झाल्याचं सांगण्यात आलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये तेही गेले. मग चेर्नेंको. आंद्रोपोव यांच्या अंत्यविधीत त्यांना दम लागून धड भाषण वाचता येत नव्हतं. फेब्रुवारी १९८५ मध्ये निवडणूक होती. चेर्नेंको मतदान करताना टीव्हीवर दिसले. ते मतदान केंद्र म्हणजे रुग्णालयातलीच खोली होती, तिथं मतपेटी ठेवून देखावा उभा केला होता. दोन आठवड्यांनी, १० मार्चला, तेही गेले.

दोन वर्षं चार महिने, आणि तीन अंत्ययात्रा. पहिल्या दोन्हींना इंदिरा गांधी गेल्या होत्या. तिसरीला राजीव गांधी गेले, कारण मधल्या काळात इंदिराजींचीच हत्या झाली होती. मॉस्कोतल्या लोकांनी त्यावरही विनोद केला. अंत्यविधीला आलेल्या एकाला शिपाई विचारतो, "पास आहे का?" तो म्हणतो, "माझा कायमचा पासच आहे."

रेडिओवर या बातम्या लागल्या की आमची दादी सुपारी कातरता कातरता हजरत सुलेमानांची गोष्ट सांगायची. कुराणात तिचा उल्लेख आहे. सुलेमान बादशहांच्या हुकमात जिन्न होते आणि ते त्यांच्यासाठी अवजड कामं उपसत. एक दिवस काठीला टेकून उभे असतानाच सुलेमान वारले. पण देह तसाच उभा राहिला. जिन्नांना वाटलं, मालक बघतायत. ते मान खाली घालून राबत राहिले. दादी म्हणायची, वर्षभर राबले. शेवटी वाळवीनं काठी आतून पोखरली, काठी मोडली, देह खाली आला, तेव्हा कुठं त्यांना कळलं. जिन्नांनासुद्धा गैबातलं, म्हणजे पडद्याआडचं, काही कळत नाही, हा त्या गोष्टीचा बोध. मला मात्र लहानपणी त्या जिन्नांचीच कीव यायची. त्यांच्यातल्या एकानंही मान वर करून बघितलं नसेल?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यादी मोठी आहे. युगोस्लाव्हियाचे टिटो ८८ पूर्ण व्हायला तीन दिवस असताना गेले. उत्तर कोरियाचे किम इल सुंग ८२ व्या वर्षी. क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो ९० व्या. चीनचे डेंग झियाओपिंग ९२ व्या. स्टालिनचे उजवे-डावे हात मोलोतोव आणि कागानोविच अनुक्रमे ९६ आणि ९७ वर्षं जगले. कम्युनिस्ट नसलेलेही मागं नाहीत. स्पेनचे फ्रँको ८२, चिलीचे पिनोशे ९१.

यात आपली थोडी फसगत होते, हेही सांगितलं पाहिजे. जे टिकले त्यांनाच आपण मोजतो. लेनिन ५३ व्या वर्षी गेले. रुमानियाच्या चाउशेस्कूंना १९८९ च्या नाताळात गोळ्या घालण्यात आल्या. शिवाय ही पिढी चाळणीतून आलेली होती. तुरुंग, भूमिगत जिणं, युद्ध, उपासमार आणि आपल्याच पक्षातली कापाकापी एवढ्यातून जो वाचला, तोच वर पोचला. मुळात काटक असलेलीच माणसं शिल्लक राहिली होती.

दुसरं कारण डॉक्टर. सोव्हिएत संघात बड्या नेत्यांसाठी आरोग्य खात्याचा एक वेगळा विभाग होता, त्याची वेगळी रुग्णालयं होती. येवगेनी चाझोव हे हृदयरोगतज्ज्ञ वीसेक वर्षं त्याचे प्रमुख होते. नेत्याची नाडी हे तिथं सरकारी गुपित असायचं. आणि बाहेर? १९८० च्या आसपास तिथल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान बासष्टच्या घरात होतं, १९६० च्या दशकाच्या मध्यात होतं त्यापेक्षाही कमी. दारू हे त्याचं एक मोठं कारण. तान्ही मुलं मरण्याचं प्रमाण वाढू लागलं, तेव्हा सरकारनं १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ते आकडे छापणंच बंद केलं. कष्टकऱ्यांच्या नावानं चालणाऱ्या राज्यात कष्टकरी बासष्टाव्या वर्षी जात होता आणि त्याचे नेते सत्तरीत पदकं मोजत होते. मला राग येतो तो यांच्या लांबलेल्या आयुष्याचा नाही, या तफावतीचा. क्यूबाचं उदाहरण उलट आहे. तिथं विरोधकांना तुरुंग होता, वर्तमानपत्रांना तोंड नव्हतं, हे खरं. पण गल्लीगल्लीत डॉक्टर बसवल्यामुळं साध्या माणसाचं सरासरी आयुर्मानही पंच्याहत्तरीच्या पुढं गेलं, हेही तितकंच खरं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ही माणसं खुर्ची सोडत नाहीत, कारण खाली उतरायला जिनाच नसतो. ज्यानं पन्नास जणांना तुरुंगात टाकलं, त्याला ठाऊक असतं, की उतरल्यावर एकावन्नावी कोठडी आपली. ख्रुश्चेव यांना ऑक्टोबर १९६४ मध्ये सहकाऱ्यांनीच काढून टाकलं. त्यांना ना गोळी घातली, ना सैबेरियात धाडलं. पेन्शन दिली, आणि ते मॉस्कोबाहेर घरामागची बाग करत १९७१ पर्यंत जगले. आपल्याला साधं मत घेऊन हटवता आलं, हीच आपली कमाई, असं ते म्हणाल्याचं सांगतात. स्टालिनच्या काळात असं काही कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण त्यांच्या जागी आलेल्या ब्रेझनेव यांनी त्या जिन्याचा उपयोग स्वतःसाठी केला नाही.

चीनमध्ये डेंग यांनी असा जिना बांधायचा प्रयत्न केला. १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच मुदती, असं कलम आलं. त्याच वर्षी बुजुर्ग नेत्यांसाठी एक सल्लागार आयोग काढला. म्हणजे म्हाताऱ्यांना बसायला ओसरी करून दिली. स्वतः डेंग १९८९ मध्ये शेवटच्या मोठ्या पदावरून उतरले. सूत्रं त्यानंतरही त्यांच्याच हातात होती, आणि त्याच वर्षी तिआनआनमेन चौकातल्या मुलांवर रणगाडे घालण्याचा निर्णयही या म्हाताऱ्यांचाच. तरी वाट पडली होती. तिच्यावरून पुढचे दोघे चालत गेले. मार्च २०१८ मध्ये दोन मुदतींचं ते कलम काढून टाकण्यात आलं आणि २०२३ मध्ये शी यांची तिसरी मुदत सुरू झाली. बीजिंगमधल्या त्या माईकवर दीडशे वर्षांचा विषय निघाला, तो जिना काढून टाकलेल्या घरात निघाला, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

ही गोष्ट एका विचारसरणीची नाही. झिम्बाब्वेचे मुगाबे ९३ व्या वर्षी लष्करानं हात धरून उठवल्यावर उठले, आणि २०१९ साली सिंगापूरच्या रुग्णालयात वारले. सदतीस वर्षं राज्य करून आपल्या देशात स्वतःला भरवसा वाटेल असा एक दवाखाना त्यांनी उभा केला नव्हता. कॅमेरूनचे पॉल बिया ६ नोव्हेंबर १९८२ रोजी अध्यक्ष झाले. तेव्हा ब्रेझनेव जिवंत होते! ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते आठव्यांदा निवडून आल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडचे कम्युनिस्टही दीर्घायुषी. श्रीपाद अमृत डांगे ९१ वर्षं जगले. वारल्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या गोदावरी परुळेकर १९९६ साली गेल्या, तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. केरळचे अच्युतानंदन ८२ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, २०११ मध्ये निवडणूक हरून पायउतार झाले आणि जुलै २०२५ मध्ये १०१ व्या वर्षी गेले. यांच्यापाशी क्रेमलिनचे डॉक्टर नव्हते. तुरुंगवास होता, पायपीट होती आणि चहा होता. पण आपल्या म्हातारपणाचं ओझं त्यांना देशावर टाकता आलं नाही, कारण मतपेटी नावाची वाळवी आपल्याकडे पाच वर्षांनी काठी तपासते. ज्योती बसू तेवीस वर्षं मुख्यमंत्री राहिले आणि २००० साली, ८६ व्या वर्षी, आपल्या पायांनी खाली उतरले. २०१० मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कोलकात्याच्या रुग्णालयाला दिला गेला. मॉस्कोत, बीजिंगमध्ये, प्याँगयाँगमध्ये नेत्यांचे देह मसाले लावून काचेत ठेवले आहेत. काचेत ठेवलेल्या देहापेक्षा हा मोठा वाटतो मला.

शेवटी एक गोष्ट सांगतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तर कट्टर कम्युनिस्टविरोधी. १९६८ च्या उन्हाळ्यात तो खुर्चीवरून पडला. अक्षरशः खुर्चीवरून. मेंदूत रक्तस्राव झाला. तो आता वाचत नाही असं समजून सप्टेंबरात दुसरा पंतप्रधान नेमला गेला. पण म्हातारा वाचला! आणि तुमचं पद गेलं, हे त्याला सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही. जुने सहकारी येऊन बसत, त्याचं म्हणणं मान डोलावत ऐकत. देश आपणच चालवतोय अशा समजुतीत तो जुलै १९७० मध्ये मेला, असं सांगतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो नाही. कारण हेच आम्ही घरात केलं होतं.

अब्बांचं वय पंचाहत्तरच्या पुढं गेलं. हात कापायला लागला, नजर गेली. पण कात्री सोडेनात. कापड वाकडं कापलं जायचं. गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवायचं? मग माझा मोठा भाऊ रात्री, अब्बा झोपल्यावर, शिवण उसवायचा, कापड नवं आणून कापायचा आणि पहाटेपर्यंत पुन्हा शिवायचा. सकाळी अब्बा तो कपडा हातात घेऊन बघायचे आणि आम्ही म्हणायचो, "अब्बा, तुमच्या हाताची सफाई अजून तीच आहे." गिऱ्हाइकांनाही आम्ही सांगून ठेवलं होतं. सगळा मोहल्ला त्या नाटकात सामील होता. दोन वर्षं हे चाललं. भावाचे डोळे सुजलेले असायचे. आम्ही याला प्रेम म्हणत होतो. होतंही. पण त्यात भीतीही होती. सांगणार कोण?

एका सकाळी चहा झाल्यावर अब्बांनी भावाला जवळ बोलावलं. टेबलावरची मोठी कात्री कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, "मेरे कू मालूम है, रात कू कौन उसवता." मग मला म्हणाले, "आणि तू कविता करतोस ना? तू तरी खरं बोलायचंस."

त्यानंतर अब्बा तीन वर्षं जगले. दुकानाच्या पायरीशी टाकलेल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याचं माप नजरेनं घ्यायचे. ती तीन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत हसरी वर्षं होती.

वाकडी शिवण रात्रीत उसवता येते, श्रोतेहो. वाकडा देश तसा उसवता येत नाही. चेर्नेंको यांच्या खोलीत ज्यांनी मतपेटी आणून ठेवली, सालाझारसमोर ज्यांनी मान डोलावली, ते सगळे दुष्ट होते असं मला वाटत नाही. ते आमच्यासारखेच असतील, थोडे प्रेमळ, थोडे घाबरलेले. म्हाताऱ्या माणसाला दीर्घायुष्य चिंतणं ही आपली रीतच आहे. आमच्याकडे उमर दराज हो म्हणतात, तुमच्याकडे शतायुषी व्हा म्हणतात. जरूर म्हणावं. पण त्याच्यासाठी दाराशी एक बाज टाकून ठेवावी, आणि कात्री मागायचं धैर्यही घरात कुणाजवळ तरी असावं.

दादीच्या गोष्टीतल्या त्या जिन्नांना मी अजून विचारतो, तुमच्यातल्या एकानं तरी मान वर का केली नाही? मग आठवतं, दोन वर्षं मीही केली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)